सुरक्षा कोणाची, पाळत कोणावर?

ऑगस्ट २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय पोलिसांनी कॅनबेरात राहणाऱ्या एका चिनी महिलेवर परकीय हस्तक्षेपाच्या कायद्याखाली आरोप ठेवला. चीनच्या सार्वजनिक सुरक्षा खात्याच्या सांगण्यावरून ती एका बौद्ध संघटनेच्या कॅनबेरा शाखेची माहिती गुपचूप गोळा करत होती, असा तो आरोप आहे. 'ग्वान यिन चित्त' हे त्या संघटनेचे नाव. ग्वान यिन म्हणजे अजिंठ्याच्या भिंतींवर आपण पाहतो तो अवलोकितेश्वर, चीनमध्ये स्त्रीरूपात पूजला जाणारा. या संघटनेवर चीनमध्ये बंदी आहे. तिच्या पूजाविधीशी आपल्या नवयानाचे फारसे नाते नाही, आणि खटल्याचा निकाल न्यायालयाने द्यायचा आहे. तोवर त्या महिलेला दोषी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण आरोपाचे स्वरूप पाहावे. लष्करी तळ नव्हे, पाणबुडीचे आराखडे नव्हेत. वंदनेला जमणारी साधी माणसे हा येथे हेरगिरीचा विषय आहे.

हे कृत्य ऑस्ट्रेलियात गुन्हा ठरू शकते, कारण २०१८ साली येथील संसदेने परकीय हस्तक्षेपाविरुद्ध कायदा केला. युरोपातील काही सरकारांनी मात्र त्याच सुमारास उलट दिशेने पावले टाकली. चीनच्या ज्या सुरक्षा यंत्रणेचे नाव कॅनबेराच्या खटल्यात आले आहे, त्याच यंत्रणेशी त्यांनी करार केले, तिच्या गणवेशधारी पोलिसांना आपल्या रस्त्यांवर फिरू दिले आणि या साऱ्याला 'सुरक्षा सहकार्य' असे सभ्य नाव दिले. पॅरामॅटात बसून युरोप आणि चीन यांच्या करारांची उठाठेव आपण मराठी बौद्धांनी का करावी, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे, की दोन सरकारे सुरक्षेचा करार करतात तेव्हा त्यात एक तिसरा पक्षही गुंतलेला असतो: एका देशातून निघून दुसऱ्या देशात राहायला आलेला माणूस. त्याची सही कोठेही नसते, त्याचे मत कोणी विचारलेले नसते, आणि कराराची किंमत मात्र बहुधा तोच मोजतो. आपण सारे तो तिसरा पक्ष आहोत.

युरोपीय संघ आणि चीन यांनी २००३ साली आपल्या संबंधांना 'व्यापक धोरणात्मक भागीदारी' म्हटले. त्याच वर्षी युरोपच्या गॅलिलिओ या उपग्रह प्रकल्पात चीन सहभागी झाला. पुढे त्याला हलकेच दूर सारण्यात आले. तिआनमेन चौकातील हत्याकांडानंतर जून १९८९ मध्ये घातलेली शस्त्रविक्रीची बंदी उठवण्याची खटपट फ्रान्स आणि जर्मनी यांनी २००४-०५ च्या सुमारास करून पाहिली, ती फसली. २०१९ मध्ये ब्रसेल्सने चीनला एकाच दमात भागीदार, स्पर्धक आणि प्रतिस्पर्धी व्यवस्था अशी तीन विशेषणे लावली. गावाकडे भावकीतल्या माणसाबद्दल असेच बोलतात: आपलाच आहे, पण बांधावर लक्ष ठेवा. ब्रसेल्सची ही भाषा निदान सावध तरी आहे. खरी गोष्ट घडते ती ब्रसेल्समध्ये नव्हे, तर एकेका देशाच्या गृहखात्यात.

इटलीने २०१६ पासून रोम, मिलान या शहरांत चिनी पोलिसांना इटालियन पोलिसांसोबत गस्त घालू दिली. क्रोएशियाने २०१८ मध्ये तेच केले, सर्बियाने २०१९ मध्ये. कारण सर्वत्र एकच सांगितले गेले: चिनी पर्यटक वाढले आहेत, त्यांना भाषेची अडचण येते, आपल्या देशाचा पोलीस दिसला की त्यांना धीर येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये चीनचे सार्वजनिक सुरक्षा मंत्री वांग श्याओहोंग बुडापेस्टला आले, पंतप्रधान ओर्बान यांना भेटले आणि हंगेरीच्या गृहमंत्र्यांबरोबर सुरक्षा सहकार्याच्या कागदांवर सह्या झाल्या. संयुक्त गस्तीची चर्चा सुरू झाली ती त्यानंतर. मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग स्वतः बुडापेस्टला आले आणि दोन्ही देशांचे नाते आणखी वरच्या पायरीवर गेल्याचे जाहीर झाले.

पर्यटकाला धीर येत असेलही. पण त्याच रस्त्यावर भाजी आणायला निघालेल्या उइघुर बाईला, हाँगकाँग सोडून आलेल्या विद्यार्थ्याला, तिबेटी आजोबांना तो गणवेश पाहून काय वाटत असेल? त्या पोलिसाच्या हाती शस्त्र नसते, अटक करण्याचा अधिकार नसतो, हे खरे. त्याची गरजही नसते. तो दिसला एवढे पुरेसे आहे. हॅरिस पार्कच्या विग्रम स्ट्रीटवर न्यू साउथ वेल्सच्या पोलिसाशेजारी आपल्या राज्यातील एखादा फौजदार चालताना दिसला, तर आपल्यापैकी किती जण त्या संध्याकाळी भीमा कोरेगावच्या अटकांबद्दल मोठ्याने बोलतील, याचा प्रत्येकाने आपल्याशी विचार करावा.

डेन्मार्कची हकिकत मला या सगळ्यात सर्वांत बोलकी वाटते. डेन्मार्कने २००८ साली चीनशी 'व्यापक धोरणात्मक भागीदारी' केली. पुढच्याच वर्षी दलाई लामांच्या भेटीवरून बीजिंग रागावले, तेव्हा डिसेंबर २००९ मध्ये डेन्मार्कने तिबेटच्या स्वातंत्र्याला आपला विरोध असल्याचे लेखी कळवले. जून २०१२ मध्ये हू जिंताओ कोपनहेगनला आले. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या निदर्शकांच्या हातांतील तिबेटी झेंडे डॅनिश पोलिसांनी काढून घेतले, पाहुण्यांच्या नजरेस ते पडू नयेत अशी व्यवस्था केली. युरोपातील जुन्या लोकशाह्यांपैकी एक असलेल्या या देशात, स्वतःच्या राज्यघटनेने दिलेला हक्क स्वतःच्याच पोलिसांनी हिरावला. प्रकरण अनेक वर्षे रेंगाळले, 'असा आदेश नव्हता' असे सांगितले गेले, मग जुने ईमेल सापडले, चौकशी आयोग नेमावा लागला आणि डिसेंबर २०१७ मध्ये आयोगाने पोलिसांचे ते आदेश बेकायदा होते असे नोंदवले. म्हणजे पाच वर्षांनी. येथे एकही चिनी पोलीस रस्त्यावर नव्हता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. यजमानाने पाहुण्याचे काम आपल्याच हातांनी उरकले होते.

स्वित्झर्लंडमध्ये १९६० च्या दशकापासून तिबेटी निर्वासित राहतात; झ्युरिकजवळ रिकॉन येथे त्यांचा मठ आहे. त्याच स्वित्झर्लंडने डिसेंबर २०१५ मध्ये चीनशी असा करार केला, की चिनी सुरक्षा मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांनी येऊन कागदपत्रे नसलेल्या चिनी लोकांची ओळख पटवावी. अधिकाऱ्यांना राजनैतिक दर्जा नको, मुक्काम दोन आठवड्यांपर्यंत. लोकांना हा करार कळला तो थेट ऑगस्ट २०२० मध्ये, वर्तमानपत्रांतून, आणि त्याच वर्षाअखेर त्याची मुदत संपली. त्याचा वापर एकदाच झाला, असे स्विस सरकारचे म्हणणे. असेलही, पण पाच वर्षे तो कागद आहे हेच ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांनी या म्हणण्यावर कशाच्या आधारे विश्वास ठेवावा? स्वीडनमध्ये २०१८ साली तिबेटी निर्वासितांची माहिती चीनला पुरवल्याबद्दल एका माणसाला २२ महिन्यांची शिक्षा झाली. तो स्वतः तिबेटीच होता. पाळत ठेवणारा बाहेरून येतो असे नाही. तो आपल्या पंक्तीला बसून जेवतो.

माझा व्यवसाय संगणकप्रणालींचा, म्हणून सर्बियाच्या कॅमेऱ्यांबद्दल थोडे अधिक लिहितो. बेलग्रेडमध्ये हुआवेई कंपनीच्या मदतीने चेहरा ओळखू शकणारे कॅमेरे बसवण्याची योजना आली. किती कॅमेरे, कोठे, कोणत्या कायद्याखाली, हे नागरिक विचारत राहिले आणि सरकार टाळत राहिले. उलट कंपनीनेच आपल्या संकेतस्थळावर या कामाची माहिती प्रसिद्ध केली होती आणि प्रश्न सुरू होताच ती काढून टाकली. चेहरा ओळखण्यास मुभा देणारा कायद्याचा मसुदा लोकांच्या विरोधामुळे सप्टेंबर २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला. आमच्या धंद्यात कोणतीही प्रणाली वापरात आणण्यापूर्वी चार प्रश्न विचारतात: माहिती कोणाला दिसेल, कशासाठी, किती दिवस ठेवली जाईल, आणि कोणी पाहिली याची नोंद कोठे राहील. एखाद्या दुकानाच्या बिलांच्या प्रणालीलाही हे प्रश्न चुकत नाहीत. लाखो माणसांच्या चेहऱ्यांची प्रणाली मात्र दोन गृहखात्यांच्या मैत्रीवर सोडली जाते. ऑस्ट्रेलियाही या बाबतीत फार पुढे नव्हता. २०१८ मध्ये हुआवेईला फाइव्ह-जी जाळ्यातून वगळणाऱ्या या देशाच्या सरकारी इमारतींत हिकव्हिजन आणि दाहुआ या चिनी कंपन्यांची ९०० हून अधिक उपकरणे आहेत, हे २०२३ मध्ये उघड झाले.

सप्टेंबर २०२२ मध्ये माद्रिदच्या 'सेफगार्ड डिफेंडर्स' या संस्थेने चीनच्या परदेशांतील अनधिकृत 'पोलीस सेवा केंद्रां'बद्दल अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा युरोपला खडबडून जाग आली. आयर्लंडने डब्लिनचे केंद्र बंद करवले, नेदरलँड्सने ॲमस्टरडॅम व रॉटरडॅम येथील. इटलीच्या गृहमंत्र्यांनी डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त गस्त पुन्हा होणार नाही असे सांगितले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने एका तैवानी नागरिकाला पोलंडने चीनच्या हवाली करू नये असा निर्णय दिला. तेथील कोठडीत छळ होण्याचा धोका हे कारण. मंत्र्यांना जे दिसले नाही, ते न्यायाधीशांना दिसले. ऑस्ट्रेलियात हेच काम संसदेने केले. सप्टेंबर २००७ मध्ये सिडनीत सही झालेला चीनबरोबरचा प्रत्यार्पण करार दहा वर्षे पडून होता. मार्च २०१७ मध्ये टर्नबुल सरकारने तो मंजूर करून घेण्याचा प्रयत्न केला, विरोधकांबरोबर स्वपक्षाचे काही सदस्यही अडून बसले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. यानंतर दोन वर्षांच्या आत, जानेवारी २०१९ मध्ये, ऑस्ट्रेलियाचे नागरिक असलेले लेखक यांग हेंगजुन यांना चीनमध्ये अटक झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांना स्थगित मृत्युदंड सुनावला गेला. सिडनीच्या तंत्रज्ञान विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवलेला हा माणूस आपल्यासारखाच स्थलांतरित.

येथे बाबासाहेबांची आठवण होणे अपरिहार्य आहे. २९ एप्रिल १९५४ रोजी भारत आणि चीन यांनी तिबेटविषयी करार केला आणि त्याच्या प्रस्तावनेत पंचशील घातले. देशभर कौतुक चालले होते. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत परराष्ट्र धोरणावर बोलताना बाबासाहेबांनी त्या कौतुकाला हात घातला. पंचशील हा बौद्ध धम्माचा गाभा आहे. माओंची त्यावर खरोखर श्रद्धा असती तर त्यांनी आपल्याच देशातील बौद्धांना वेगळी वागणूक दिली असती, असा त्यांचा युक्तिवाद होता. ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ देऊन पंतप्रधानांनी चीनची सरहद्द भारताच्या सरहद्दीला आणून भिडवली, असेही त्यांनी बजावले. पुढे १९५९ मध्ये दलाई लामांना तिबेट सोडावे लागले आणि १९६२ मध्ये काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. बाबासाहेबांचे भाकीत खरे ठरले, हे आपण अभिमानाने सांगतो. मला त्यापेक्षा त्यांची कसोटी महत्त्वाची वाटते. करारातील शब्द किती सुंदर आहेत हे त्यांनी पाहिले नाही. करार करणारे सरकार आपल्या दुबळ्या माणसांशी कसे वागते ते पाहिले. पंचशील हा आपला शब्द होता, तो परक्याच्या तोंडी ऐकून सुखावण्याचा मोह त्यांना झाला नाही.

मग परकीय पोलिसांशी सहकार्यच नको का? तसे म्हणणे भाबडेपणाचे होईल. सिडनीतील चिनी विद्यार्थ्यांना 'आम्ही चिनी पोलीस बोलतोय, तुमच्यावर गुन्हा आहे' असे फोन येत. भेदरलेली मुले सांगितल्याप्रमाणे खोलीत स्वतःला बांधून घेत, त्याची छायाचित्रे आईवडिलांकडे जात आणि खंडणी उकळली जाई. २०२० साली न्यू साउथ वेल्स पोलिसांनी अशा आठ प्रकरणांची माहिती दिली. कुटुंबांनी त्यांत सुमारे ३२ लाख डॉलर गमावले होते. पोलिसांचे मुख्यालय येथेच, पॅरामॅटात आहे. चिनी यंत्रणांशी बोलल्याशिवाय असा तपास त्यांना कसा पुरा करता येईल? तरीही ही मुले फसली का, याचा विचार करावा. आपल्या सरकारचा हात सिडनीच्या खोलीपर्यंत पोहोचू शकतो, यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. ठगांचे भांडवल तेच. नागपूरला, औरंगाबादला आपल्या आईवडिलांना 'डिजिटल अरेस्ट'चे फोन येतात, तेही याच भांडवलावर चालतात.

सहकार्य कसे असावे याचा नमुना फार दूर शोधायला नको. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील प्रत्यार्पण करार २०११ पासून अमलात आहे. त्याचा मजकूर कोणीही वाचू शकतो, राजकीय स्वरूपाच्या गुन्ह्यांना त्यात अपवाद आहे, आणि मध्ये न्यायालय उभे आहे. क्वीन्सलंडमधील एका तरुणीच्या खुनातील संशयिताला २०२३ मध्ये दिल्लीच्या न्यायालयामार्फत परत आणले गेले ते याच मार्गाने. त्याला उशीर लागला, पण कोणाचाही हक्क तुडवला गेला नाही.

आणि आता आपल्या घरचा प्रश्न. ४ जून २०२० रोजी भारत आणि ऑस्ट्रेलिया यांनी आपल्या संबंधांना 'व्यापक धोरणात्मक भागीदारी' म्हटले; चीन आणि युरोप यांनी २००३ साली वापरलेले तेच शब्द. आपण टाळ्या वाजवल्या, आणि वाजवायलाही हव्या होत्या, कारण व्यापार, शिक्षण, व्हिसा या सगळ्यांत आपला लाभ आहे. मार्च २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या गुप्तचर संस्थेचे प्रमुख माइक बर्जेस यांनी आपल्या वार्षिक भाषणात एका हेरांच्या जाळ्याची हकिकत सांगितली: त्यांनी राजकारण्यांशी सलगी केली होती, संरक्षण तंत्रज्ञानाची माहिती मिळवू पाहिली होती, आणि आपल्या देशातून येथे आलेल्या समाजावर पाळत ठेवली होती. देशाचे नाव त्यांनी घेतले नाही. एप्रिल २०२४ च्या अखेरीस अमेरिकेतील आणि येथील वृत्तपत्रांनी तो देश भारत असल्याचे लिहिले. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने ती वृत्ते केवळ तर्क असल्याचे म्हटले, येथील मंत्र्यांनी बोलणे टाळले आणि विषय मिटला. युरोपातील चिनी माणसाबद्दल आपण जी कळकळ दाखवतो, ती स्वतःबद्दल दाखवताना आपली जीभ का अडखळते?

भारत म्हणजे चीन नव्हे, हे कोणी सांगण्याची गरज नाही. बाबासाहेबांच्या संविधानात अनुच्छेद १९ आहे, २१ आहे, आणि ते मोडले तर दाद मागण्यासाठी ३२ आहे. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचे प्राध्यापक अशोक स्वेन यांचे ओसीआय कार्ड सरकारने २०२२ मध्ये रद्द केले. दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये तो आदेश कारणे नाहीत म्हणून फेटाळला. सरकारने त्याच महिन्यात पुन्हा रद्द केले. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने तोही आदेश फेटाळला. असे न्यायालय बीजिंगमध्ये नाही, हा फरक डोंगराएवढा आहे. परंतु सरकारवर टीका केली म्हणून आजारी आईला भेटायला जाता येईल की नाही ही धास्ती, आणि दोनदा कोर्टाची पायरी चढण्याची ऐपत असलेले किती, हेही विसरता येत नाही. आपल्या कपाटातील ते निळे कार्ड आपल्या मुलांना आजोळ देते. तेच आपल्या तोंडाला कुलूप लावू शकते. सिॲटल शहराने २०२३ मध्ये जातीभेदाला कायद्याने मनाई केली, तेव्हा ती मागणी करणाऱ्यांना देशाची बदनामी करणारे म्हटले गेले. उद्या पॅरामॅटात तीच मागणी कोणी केली, तर त्याचे नाव कोणत्या यादीत जाईल आणि ती यादी कोण कोणाला देईल, हा प्रश्न काल्पनिक राहिलेला नाही.

ऑस्ट्रेलिया एखादा औपचारिक करार करतो तेव्हा तो संसदेत मांडला जातो, करारविषयक संयुक्त स्थायी समिती तो तपासते, आणि कोणालाही तिच्यापुढे लेखी निवेदन देता येते. चिनी प्रत्यार्पण करार अडला तो संसदेपुढे आला म्हणून. पण पोलिसांनी पोलिसांशी केलेले समजुतीचे मसुदे, गुप्तचर खात्यांमधील देवाणघेवाण, 'भागीदारी'ची घोषणापत्रे या वाटेने येत नाहीत. स्विस कागद असाच सरकारी कपाटात राहिला होता. आपल्या संघटना १४ एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लोकप्रतिनिधींना बोलावतात, शाल देतात, छायाचित्र काढतात. पॅरामॅटाचे खासदार अँड्र्यू चार्ल्टन यांनी भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्या जवळिकीवर २०२३ साली एक पुस्तकच लिहिले आहे. या विषयात त्यांना रस नाही असे म्हणता येणार नाही. पुढच्या वेळी शालीबरोबर एक लेखी प्रश्नही त्यांच्या हाती द्यावा असे मी सुचवतो: येथे राहणाऱ्या भारतीय वंशाच्या लोकांची माहिती भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्या पोलीस व गुप्तचर यंत्रणा कोणत्या लेखी अटींवर एकमेकांना देतात, आणि त्या अटी संसदेच्या कोणत्या समितीने पाहिल्या आहेत?